नऊ गिअर, एकवीस गिअर आणि पंचनामा

सायकल घेतल्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सावेडीतल्या बारा घरांच्या सोसायटीत काही सांगावं लागतं असा माझा अनुभव नाही. सायकल टेम्पोतून उतरायच्या आत अध्यक्ष आबासाहेब जिन्यात येऊन उभे होते.

आबासाहेब मूळचे कर्जतचे. पस्तीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणीचं काम करून निवृत्त झाले. जग हे मोजायला आलेलं आहे आणि मोजून झालं की कागदावर सह्या घ्यायच्या, ही त्यांची धारणा निवृत्तीनंतरही तशीच आहे. त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकले आणि पेडलजवळच्या दातेरी चाकाकडे बोट दाखवलं.

"मॅडम, हितं एकच चक्री हाय."

"हो. एकच असते हिला."

"आमच्या पोराच्या, ओंकारच्या सायकलीला तीन हायेत. गिअर किती म्हनायचे?"

"नऊ."

"नऊच?" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी बारा गुंठ्यांच्या भावात पाच गुंठे घेऊन आले होते. "ओंकारला एकवीस हायेत. आन् तुमच्यापेक्षा स्वस्तात."

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात एकवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. दातांच्या चाकांचं गुणोत्तर हा माझा विषय आहे, आणि सायकल घेण्याआधी मी दोन महिने वह्या भरल्या होत्या. पण जिन्यात उभं राहून आबासाहेबांना गुणोत्तर समजावणं मला जमलं नाही. मी "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणणारा माणूस हरलेला धरतात.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्या घरात वस्तू पुष्कळ आहेत, पण त्यातली एकही माझी एकटीची नाही. स्कूटर दोघांची आहे. टेबल मुलीचं होतं, ती बेंगळुरूला गेल्यावर त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. माझ्या मोबाईलवर आमचे हे, म्हणजे भागवत, क्रिकेट बघतात. ही सायकल मात्र माझ्या उंचीच्या फ्रेमची होती. भागवत तिच्यावर बसले तर गुडघे हँडलला लागत. पहिल्या दिवशी त्यांनी बसून बघितलं, गुडघे आपटून घेतले आणि उतरले. मला फार बरं वाटलं. चांगल्या बायकोला असं वाटू नये हे मला माहीत आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आबासाहेबांचा संदेश आला: 'एक चक्री बरी की तीन? जाणकारांनी मत द्यावे.' जाणकार बारा घरांत सव्वीस निघाले. त्यातल्या चोवीस जणांनी दहावीनंतर सायकल चालवलेली नव्हती. तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, तीन असलेल्या बऱ्या, एक बिघडली तर दोन राहतात. यावर अकरा अंगठे आले.

मग मी चूक केली. मी तक्ता टाकला.

तक्ता बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. ओंकारच्या सायकलीला पुढे बेचाळीस, चौतीस आणि चोवीस दातांच्या तीन चक्र्या आणि मागे सात. तीन गुणिले सात म्हणजे एकवीस, इथपर्यंत आबासाहेब बरोबर आहेत. पण मोठ्या चक्रीबरोबर मागची अठ्ठावीस दातांची घेतली काय किंवा लहान चक्रीबरोबर सोळा दातांची घेतली काय, गुणोत्तर दीडच येतं. एकच गिअर दोन नावांनी दोनदा मोजलेला. असे जवळजवळ सारखे काढून टाकले की एकवीसमधले चौदा उरतात. माझ्या सायकलीला पुढे बत्तीस दातांची एक, मागे अकरापासून बेचाळीसपर्यंत नऊ. त्यात एकही दोनदा येत नाही, आणि चढासाठीचा माझा सगळ्यात हलका गिअर ओंकारच्या सगळ्यात हलक्या गिअरपेक्षा हलका आहे. शिवाय बदलायला एकच खटका. डाव्या हाताला काम नाही.

 तक्त्याखाली ओंकारनं हात जोडल्याची खूण टाकली. रात्री भागवत म्हणाले, "अगं, खाली सगळे म्हणतायत, मॅडमनीच कबूल केलं की ओंकारचे चौदा आणि यांचे नऊ."

कॉलेजात वेगळंच चाललं होतं. कर्मचाऱ्यांच्या वाहनतळावर सायकल लावायला पास लागतो. पासच्या अर्जात नोंदणी क्रमांक, विमा आणि धूर तपासणीचं प्रमाणपत्र असे तीन रकाने होते. मी तिन्हींत 'लागू नाही' लिहिलं. अर्ज परत आला, कारण तीनपेक्षा कमी रकाने भरलेला अर्ज अपूर्ण धरतात. मी नोंदणीच्या जागी फ्रेमवर कोरलेला क्रमांक घातला. अर्ज पुन्हा परत आला. लिपिक म्हणाला, "मॅडम, धुराचं तेवढं आणा. बाकी मी बघून घेतो." दोन आठवडे सायकल जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सांगाड्याशेजारी उभी होती. मुलांनी सांगाड्याच्या हातात हवा भरायचा पंप दिला. मी तो काढला नाही. सायकलीकडे कुणीतरी लक्ष देतंय, असं वाटायचं.

घंटी बसवायला मी माळीवाड्यात चांदभाईंकडे गेले. चांदभाई चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात भिंतीवर एक फळी आहे आणि तिच्यावर खिळ्यांना पंचवीस-तीस झिजलेल्या चक्र्या टांगलेल्या आहेत.

"या सगळ्या इतक्या झिजलेल्या कशा?" मी विचारलं.

"तीनवाल्या सायकलींच्या हायेत, मॅडम. सगळ्या मधल्या." त्यांनी एक काढून माझ्या हातात दिली. दात शार्कच्या दातांसारखे वाकलेले होते. "मोठी आन् लहान टांगायला मिळतच न्हाई, कारन ती झिजतच न्हाई. लोक सायकल घेत्यात, मधी टाकत्यात, आन् पोरगं लग्नाला येईपर्यंत मधीच चालवत्यात. एकवीस गिअर खोक्यावर असत्यात."

मी दोन महिने गुणोत्तरं काढली होती. या माणसानं चाळीस वर्षं निरीक्षणं खिळ्यांना लावून ठेवली होती. मला थोडी लाज वाटली आणि खूप आनंद झाला.

"मग माझी बरोबर आहे ना?"

चांदभाईंनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सायकल चांगलीच हाय. चालवनाऱ्याचं मी कसं सांगू?"

हा प्रश्न तिथेच मिटला असता. पण भागवत सुप्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, आणि कोणताही प्रश्न न तपासता मिटलेला त्यांना सोसत नाही. शोरूमच्या पावतीच्या मागे त्यांना एक ओळ सापडली: तीस दिवसांच्या आत बदलून मिळेल.

"सगळे म्हणतायत तर तीनवाली घेऊन टाकू," ते म्हणाले. "तिची मोठी फ्रेमही मिळते. मीही वापरेन कधीतरी."

 तो 'मीही' मला खटकला. मी म्हणाले, "चढावर नेऊन बघू. चढली तर ठेवायची."

हे मी स्वयंपाकघरात म्हणाले होते. सकाळी आबासाहेब लेखी मसुदा घेऊन दारात हजर.

"तोंडी परीक्षेला अर्थ न्हाई, मॅडम. पंचनामा करायचा. स्थळ चांदबिबी महाल. तुमी एक चक्रीवर, ओंकार तीन चक्र्यांवर. पाच पंच. पाय टेकला की नोंद. तुमचा टेकला तर सायकल बदलायची, ओंकारचा टेकला तर ग्रुपवर मी सोता माफी टाकतो."

तारीख त्यांनी दसऱ्यानंतरचा रविवार धरली. तो पावतीचा तिसावा दिवस होता. शोरूम रविवारी एक वाजता बंद होतं.

शहरापासून पाथर्डी रस्त्याला लागलं की डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला सगळं नगर चांदबिबी महाल म्हणतं. ती चांदबिबीची नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. हे मी या शहरात किमान शंभर वेळा सांगितलं आहे आणि शंभर वेळा लोक म्हणाले आहेत, "हो का? बरं, मग रविवारी जायचं ना चांदबिबीला?"

रविवारी आम्ही निघालो. दोन सायकली, एक टेम्पो, पाच पंच, चांदभाई तज्ज्ञ म्हणून, पोह्यांचं पातेलं आणि आबासाहेबांची सतरंजी. पायथ्याला पोहोचून पोहे संपेपर्यंत अकरा वाजले. भागवतनी दोन्ही सायकली छापील यादीप्रमाणे तपासून प्रत्येक ओळीला बरोबरची खूण केली. तेवढ्यात आबासाहेबांच्या पत्नी छबूबाई दसऱ्याच्या उरलेल्या झेंडूचे हार घेऊन पुढे आल्या.

"पूजाताई, कामाला निघालेल्या वाहनाला हार नगं का?"

"काकू, चालताना अडकेल."

"देवाचा हार कसा अडकंल? लई सैल न्हाई बांधत." एक हार हँडलला, एक सीटखालच्या दांड्याला. मागे लोंबणाऱ्या हाराचा दोरा तीनपदरी होता. भागवत वाकून म्हणाले, "सुटे भाग नाहीत. ओके." आणि यादीवर खूण केली. मी विरोध केला नाही. छबूबाईंनी हळद-कुंकू लावलेल्या वस्तूवरून वाद घालायला जे धैर्य लागतं, ते भौतिकशास्त्रात शिकवत नाहीत.

चढ दोन किलोमीटर चारशे मीटर. माझा हिशेब तयार होता: सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलची एक फेरी म्हणजे साधारण एक मीटर पासष्ट. साडेचौदाशे फेऱ्या, न घाई करता. आबासाहेबांनी टेम्पोच्या पुढच्या सीटवरून रुमाल हलवला. पहिल्या वळणाला मी तिसऱ्या गिअरवर आले, दुसऱ्यासाठी खटका दाबला आणि मागे 'कर्रर्र' असा आवाज झाला. खटका दाबला जात होता, पण मागे काहीच हलत नव्हतं. मी पुन्हा दाबला. झेंडूच्या दोन पाकळ्या माझ्या बुटावर येऊन पडल्या.

हार अडकला होता.

थांबून काढायचा तर पाय टेकणार. न काढायचा तर हा चढ तिसऱ्या गिअरवर, म्हणजे ठरवल्यापेक्षा दीडपट जड. हिशेब लगेच झाला. एका फेरीला अडीच मीटर, उरलेल्या नऊशेच्या आसपास फेऱ्या. मी मोजायला लागले. मोजलं की घाबरायला जागा राहत नाही, हे मला फार पूर्वी कळलंय.

मागून टेम्पो पहिल्या गिअरात गुरगुरत होता आणि खिडकीतून आबासाहेब माझ्या पायांकडे बघत होते. "डावा वर... उजवा वर... न्हाई टेकला. लिहा, न्हाई टेकला!" साडेतीनशेव्या फेरीला मांड्यांची जाणीव झाली. पाचशेच्या सुमारास शेळ्यांचा कळप आडवा आला आणि शेळ्यांमागची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, टेम्पो हाय की मोकळा मागं!" उत्तर दिलं असतं तर मोजणी चुकली असती. मला एकोणीस फेऱ्या मागे जाऊन पुन्हा मोजावं लागलं असतं.

सातशेच्या आसपास उजवीकडे ओंकार दिसला. तो रस्त्याच्या कडेला उभा होता, दोन्ही पाय जमिनीवर. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं लहान चक्रीवर चेन टाकायचा प्रयत्न केला होता. चेन लहान चक्री ओलांडून आतल्या बाजूला फ्रेममध्ये जाऊन बसली होती. "वहिनी, ही बाजू कधी वापरलीच नव्हती हो!" तो ओरडला.

वर पोहोचले तेव्हा मोजणी आठशे शहाण्णव झाली होती. मी कबरीच्या पायरीला चाक लावलं आणि मग, आबासाहेब "झालं!" म्हणेपर्यंत थांबून, पाय टेकवला. 

टाळ्या झाल्या. भागवतनी स्वतःहून पाण्याची बाटली उघडून दिली. लग्नाच्या चोवीस वर्षांत असं तिसऱ्यांदा झालं. सायकल राहणार होती.

मग चांदभाई मागच्या चाकाशी उकिडवे बसले. त्यांनी दोन बोटांनी दोरा ओढला. तो येतच राहिला, फुलांचा चोथा झालेला, काळा, तेलकट. ते हळूच म्हणाले, "मॅडम, गिअर तर जाम हुता. सगळा चढ तुमी एकावरच आलात."

हे फक्त मी ऐकलं. मी गप्प बसले असते तर कोणालाच काही कळलं नसतं, आणि गप्प बसणं मला जमतं. पण प्रयोग चुकला होता. एक चक्री चांगली की तीन, हे यातून सिद्ध होत नव्हतं. माझे नऊ गिअर वापरातच आले नव्हते. अकरावीच्या मुलांना मी एकवीस वर्षं सांगत आले आहे, नको असलेलं निरीक्षण खोडायचं नाही.

मी सगळ्यांना सांगितलं.

आबासाहेबांनी पेन खाली ठेवलं.  "म्हंजे मॅडम, तुमी बिगरगिअरच्याच सायकलीवर आलात."

"तसं म्हणता येईल."

"आन् पाय न्हाई टेकला."

"नाही."

"मग गिअर लागतातच कशाला?" त्यांनी पंचांकडे पाहिलं. पाचही पंच मान डोलवत होते. "निष्कर्ष साफ हाय. एक चक्रीबी नगं आन् तीनबी नगं. साधी सायकल बास. भागवतराव, शोरूमला साध्या असत्यात ना?"

"असतात," भागवत म्हणाले. गुणवत्ता विभागाच्या माणसाला तर्क पटला की तो थांबत नाही. त्यांनी फोन लावला. "हो, एकपर्यंत या म्हणाले. एकला शटर. साधीत सगळ्या उंचीच्या आहेत. आपल्या दोघांना चालेल अशी."

तीन चक्र्यांना हरवून मी एका खटारा सायकलीकडून हरले होते, आणि तीही दोघांना चालेल अशी. मी घड्याळ बघितलं. अकरा पन्नास. इथून शोरूम टेम्पोनं चाळीस मिनिटं. म्हणजे बारा वीसच्या आत इथून निघालं तर सायकल गेली.

आबासाहेबांनी पंचनामा वाचायला सुरुवात केली. "आम्ही खाली सह्या करणारे पंच, आज रोजी मौजे चांदबिबी महाल येथे समक्ष हजर राहून..."

मी हात वर केला. वर्गात मुलं करतात तसा.

"आबासाहेब, ही चांदबिबीची नाही. सलाबतखानाची कबर आहे. आणि महाल हे काही मौजे नाही. सरकारी कागदात गावाचं नाव चुकीचं गेलं तर पंचनामाच रद्द होतो ना?"

मोजणीत पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मला कधी विसरता येणार नाही. "व्हतो," ते गंभीरपणे म्हणाले. "अगदी व्हतो." मग ही जागा कोणत्या शिवारात येते यावर ते आणि दुसरे पंच दहा मिनिटं भांडले. एकानं मेहेकरी म्हटलं, दुसऱ्यानं दुसरंच काही. ओंकारला मोबाईलवर नकाशा काढायला सांगितलं. वर रेंज नव्हती.

"आणि अंतर," मी म्हणाले, "दोन पूर्णांक चार नव्हे. पहिलं वळण मी मोजलंय, ते धरून दोन पूर्णांक तीन आठ. आणि 'सायकलस्वार स्त्रीने पाय टेकला नाही' असं लिहिलंय, त्यात कोणता पाय, हे नाही."

"बरोबर हाय," आबासाहेब म्हणाले आणि पान फाडून नव्यानं लिहायला बसले. तीन प्रती, कार्बनशिवाय, कारण कार्बनवर त्यांचा विश्वास नाही.

भागवत घड्याळ बघत होते. "अगं, उशीर होतोय."

"काम नीट झालेलं बरं," मी म्हणाले. त्यांच्या विभागाच्या भिंतीवर हेच लिहिलेलं आहे. 

पाचही पंचांच्या सह्या झाल्या. शेवटी कागद चांदभाईंकडे आला. चांदभाईंनी खिशातून चष्मा काढला, काच सदऱ्याला पुसली, पुन्हा पुसली.

"आबासाहेब, न वाचता मी कदी सही केली न्हाई. जरा वाचून दाखवा. तिन्ही."

"तिन्ही सारख्याच हायेत हो, चांदभाई."

"असतील ना. मी कुठं न्हाई म्हनतो? पन माझ्याकडं येनारी प्रत्येक चेन सारखीच असती, तरी मी तपासतोच."

आबासाहेबांनी तिन्ही प्रती वाचल्या, मोठ्यानं, स्वल्पविरामांसकट. छबूबाईंनी उरलेला चहा ओतला. चांदभाई एकेक अक्षर लावून सही करत होते, आधी उर्दूत, मग मराठीत, आणि मग तारीख. मध्ये एकदाच त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे.

मग कागद माझ्यापुढे आला. भागवत टेम्पोच्या पायरीवर उभे होते, एक पाय आत. मी सगळं पुन्हा एकदा वाचलं. गाव बरोबर होतं, अंतर बरोबर होतं, कोणता पाय तेही होतं. निष्कर्षाच्या जागी लिहिलं होतं: 'सदर सायकल बदलून घ्यावी.' मी त्यावर आक्षेप घेतला नाही. पंचांचं मत होतं ते.

शेवटचा रकाना वेळेचा होता. तो पूर्ण व्हायच्या आधी सही करणं बरोबर नव्हतं. मी घड्याळ बघितलं, मिनिटकाटा खुणेवर येईपर्यंत थांबले आणि नीट अक्षरात लिहिलं: दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटे.

मग सही केली.